इंग्लंडहून गाडीने आल्प्स: चौघांची स्कीची सहल बजेटमध्ये कशी बसवायची

फेब्रुवारीची सुट्टी संपली की मुलं शाळेतून एकच विषय घेऊन घरी येतात: वर्गातले अर्धे जण बर्फात जाऊन आले, आपण कधी जायचं? मग रात्री जेवणं आटोपल्यावर आईबाबा विमानाची चार तिकिटं, हॉटेल, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास, मुलांचे क्लास अशी बेरीज मांडतात आणि विषय तिथेच थांबतो. इंग्लंडातल्या कितीतरी मराठी घरांत हे होतं. त्या बेरजेत चूक नसते. पण ती बहुतेक वेळा कुरशेव्हेल, मेरिबेल, व्हाल तोराँस अशा गाजलेल्या ठिकाणांची असते, आणि पहिल्यांदाच पायाला स्की बांधणाऱ्या कुटुंबाला त्या ठिकाणांची गरजच नसते.

ही तिन्ही ठिकाणं ज्यात येतात त्या फ्रान्समधल्या थ्री व्हॅलीजमध्ये स्कीचे ६०० किलोमीटरचे उतार आहेत. नवशिका माणूस पहिल्या आठवड्यात त्यातले पाच-सहा किलोमीटर वापरतो, तेही पुन्हापुन्हा तेच. बाकीच्या उतारांचे पैसे कशाला भरायचे? गाडीने गेलं की विमानाचं भाडं वाचतं हे खरं, पण पेट्रोल आणि टोल धरले तर ती बचत वाटते तेवढी मोठी नसते. गाडीचा खरा उपयोग वेगळा आहे. विमानतळावरून निघणाऱ्या बसेस ज्या मोठ्या रिसॉर्टना जातात तिथेच राहायची सक्ती उरत नाही. दरीतलं एखादं छोटं गाव निवडता येतं, तांदूळ-डाळ-कुकर बरोबर नेता येतो, बर्फ कमी पडला तर पलीकडच्या गावात जाऊन स्की करता येतं. खाली सगळा हिशोब याच धोरणावर मांडला आहे.

आधी तारीख, मग गाव

सगळ्यात महाग आठवडे दोन: नाताळ ते नववर्ष, आणि फेब्रुवारीची सुट्टी. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांना तीन विभागांत, आळीपाळीने सुट्टी असते. त्यामुळे जवळजवळ महिनाभर घरांचे भाव चढलेले असतात आणि शनिवारी रस्ते तुंबतात. मुलं अजून सक्तीच्या शिक्षणाच्या वयात आली नसतील, तर नववर्षानंतरचा जानेवारी सर्वांत स्वस्त. मुलं शाळेत असतील तर शाळा बुडवण्याचा विचार करू नका. इंग्लंडात विनापरवाना गैरहजेरीसाठी दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड दंड आहे, आणि तो २१ दिवसांत भरला नाही तर १६० होतो.

शाळकरी मुलांसाठी मी ईस्टरची सुट्टी सुचवेन, त्यातही ईस्टर लवकर येणारं वर्ष. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. मार्चअखेर बर्फ असतो, दिवस मोठे असतात, थंडी बोचरी नसते, आणि फ्रेंच शाळांची वसंतातली सुट्टी सहसा त्यानंतर सुरू होते. लहान मुलं जानेवारीच्या उणे बारा अंशांत तासाभरात रडकुंडीला येतात. तीच मुलं एप्रिलच्या उन्हात घरी यायला तयार नसतात.

गाव: मोरियेनची दरी

फ्रान्सच्या साव्हुआ भागात दोन मोठ्या दऱ्या शेजारीशेजारी आहेत. उत्तरेकडची तारांतेझ: थ्री व्हॅलीज, ला प्लाञ, व्हाल दिझेर, सगळी मोठी नावं तिथे. दक्षिणेकडची मोरियेन: सें-जाँ-द-मोरियेनवरून मोदानपर्यंत आणि पुढे इटलीच्या सीमेकडे जाणारी. पहिल्या सहलीसाठी मी डोळे मिटून मोरियेन सांगेन. ए-४३ हा मोटरवे थेट मोदानपर्यंत पोचतो, म्हणजे डोंगरातला अवघड रस्ता शेवटच्या काही किलोमीटरपुरताच उरतो. आणि शनिवारी आल्बेरव्हिलजवळ जी गाड्यांची रांग लागते ती तारांतेझला जाणाऱ्यांची. मोरियेनचा रस्ता शाँबेरीच्या पुढे, आल्बेरव्हिल येण्याआधीच फुटतो.

इथली दोन गावं लक्षात ठेवा. ओस्वा हे १५०० मीटरवरचं, दगडी घरांचं, खरोखर माणसं राहत असलेलं गाव. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे जानेवारीतही दिवसभर ऊन. पण हेच ऊन ईस्टरला खालच्या उतारांवरचा बर्फ दुपारपर्यंत पातळ करतं. ईस्टरला जायचं असेल तर थोडं पुढे व्हाल सनी घ्या. तिथले उतार बहुतांश उत्तराभिमुख आहेत, २८०० मीटरपर्यंत जातात आणि बर्फ टिकवून धरतात. तिथेच ‘लेस्कार्गो’ म्हणजे गोगलगाय नावाचा हिरवा, म्हणजे सर्वांत सोपा, उतार आहे. उन्हाळ्यात मों-सनी खिंडीत जाणारा जो गाडीरस्ता, तोच हिवाळ्यात बंद होऊन हा उतार बनतो. जवळपास दहा किलोमीटर, घाटाच्या वळणांनी, अगदी मंद उताराने खाली येणारा. आठवडाभर शिकलेल्या मुलाला शेवटच्या दिवशी वरून खालपर्यंत त्यावरून आणा. एवढा लांब उतार एकट्याने उतरलो याचा त्या वयात होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

गाव नक्की करताना नकाशावर तीन गोष्टी तपासा: नवशिक्यांचा उतार गावाजवळच आहे का, घरापासून तिथवर चालत किंवा गावातल्या फुकट बसने जाता येतं का, आणि शिकाऊ भागातल्या लिफ्ट फुकट किंवा वेगळ्या स्वस्त पासवर आहेत का. एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत हा आकडा तुमच्यासाठी बिनकामाचा आहे.

घर बघताना चौरस मीटर मोजा

‘चार जणांसाठी’ असं लिहिलेलं फ्रेंच अपार्टमेंट कधीकधी २५ चौरस मीटरचं असतं. त्यात सोफा उघडून होणारा पलंग आणि दारालगतच्या बोळात एकावर एक दोन बंक. चौघांसाठी किमान ३५ चौरस मीटर बघा. वर्णनात पुढच्या गोष्टी शोधा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत की नाही (बहुधा नसतात, गाडी आहे, घरून न्या), शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे की स्वतः करायची मुभा, अनामत किती, स्की ठेवायची खोली आणि गाडी कुठे लावायची. पर्यटन कर वेगळा लागतो. तो थोडाच असतो. शनिवार ते शनिवार हीच सर्वसाधारण पद्धत, पण रविवार ते रविवार मिळालं तर लगेच घ्या, रस्ते कितीतरी मोकळे असतात.

कागदपत्रं

हे काम ऑक्टोबरात हातावेगळं करा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, इंग्लंडात कायमचं राहण्याची परवानगी असली तरी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. शाळांच्या सुट्ट्यांच्या आधी व्हिसा केंद्रातल्या वेळा भराभर संपतात, म्हणून भेटीची वेळ मिळेपर्यंत पैसे परत न मिळणारं घर बुक करू नका. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणावा, इथे पाहुणे म्हणून आल्यावर तो मिळणं अवघड.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा नको. पण ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी नोंदणी सुरू झाली आहे. ती व्हिसावाल्यांनाही लागू आहे, बारा वर्षांखालच्या मुलांचे मात्र ठसे घेत नाहीत. फ्रेंच तपासणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, डोव्हर किंवा फोकस्टनलाच होते, तेव्हा तिथे वेळ हातात ठेवून पोचा.

गाडीसाठी ब्रिटिश लायसन्स, व्ही-५-सी लॉगबुकची (गाडीच्या नोंदणीपत्राची) मूळ प्रत आणि विम्याचा कागद. लीजवर किंवा कंपनीने दिलेली गाडी असेल तर लॉगबुक तुमच्याकडे नसतं. अशा वेळी गाडीच्या मालक कंपनीकडून व्हीई-१०३ हे प्रमाणपत्र आणि देशाबाहेर नेण्याची परवानगी घ्यावी लागते. आयटीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्या अशाच असतात, आणि हे पत्र यायला वेळ लागतो. विमा कंपनीला फोन करून विचारा की फ्रान्समध्ये पूर्ण विमा चालू राहतो की फक्त थर्ड पार्टी. ब्रेकडाउन सेवेलाही युरोपची जोड घ्या.

गाडीची तयारी

फ्रान्समध्ये गाडीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. जाकीट डिकीत नको, हात पोचेल असं आत ठेवा, आणि प्रत्येकासाठी एक घ्या. नंबर प्लेटवर यूके हे ओळखचिन्ह नसेल तर यूकेचा स्टिकर लावा, जुना जीबीचा आता चालत नाही. हेडलाइटचा झोत उजव्या बाजूच्या रहदारीसाठी वळवावा लागतो. काही गाड्यांत ती सोय सेटिंगमध्ये असते, नाहीतर काचेवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. दहा वर्षांखालच्या मुलांनी मागेच, त्यांच्या मापाच्या सीटवर बसायचं हाही कायदा आहे.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागात चारही चाकांना हिवाळी टायर हवेत, किंवा निदान इंजिनने फिरणाऱ्या दोन चाकांसाठी साखळ्या अथवा बर्फासाठी चाकांवर चढवायचे कापडी मोजे गाडीत हवेत. हिवाळी टायर म्हणजे ज्याच्या कडेवर डोंगराच्या तीन शिखरांत हिमकणाचं चिन्ह असतं तो. बजेटवाल्याला साखळ्याच परवडतात. एप्रिलमध्ये कायदा लागू नसला तरी त्या घ्याच. टायरच्या कडेवर २०५/५५ आर १६ अशासारखं माप असतं, त्याप्रमाणे साखळी घ्यायची. आधी गाडीचं मॅन्युअल मात्र बघा, कारण काही गाड्यांत चाक आणि बॉडीमध्ये साखळीपुरती जागा नसते. तिथे कापडी मोजे.

आणि ती साखळी घरासमोर, कोरड्यात, एकदा लावून बघा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण चढावर, अंधारात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना सूचनापत्रक वाचता येत नाही. साखळी जमिनीवर पसरून कुठे पीळ पडलाय का ते बघायचं. मग मागची लवचीक कडी चाकाच्या पाठीमागून सरकवून वर आणायची आणि तिची दोन टोकं एकमेकांत अडकवायची. नंतर पुढचा हूक लावायचा, खालची मोकळी साखळी ओढून घट्ट करायची आणि उरलेलं टोक रबरात अडकवून टाकायचं. चार-पाच मीटर गाडी पुढे घ्यायची, उतरायचं, पुन्हा ओढायचं. ही दुसरी ओढ राहून गेली तर साखळी सैल पडून चाकाच्या कमानीवर आपटत राहते. फ्रंट-व्हील गाडीला पुढच्या चाकांवर, रिअर-व्हीलला मागच्या. वेग ताशी ५० च्या आत. साखळ्यांच्या पिशवीतच रबरी हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च आणि गुडघे टेकायला जुनी प्लास्टिकची चटई ठेवा, आणि ती पिशवी सगळ्या सामानाच्या वर असू द्या. चढाच्या सुरुवातीला साखळ्या लावण्यासाठी रस्त्याकडेला जागा सोडलेली असते. निळ्या गोलात साखळी लावलेल्या टायरचं चिन्ह दिसलं, तर तिथून पुढे त्या लावल्याशिवाय जायचं नाही.

काच धुण्याचं पाणी उणे वीस अंशांपर्यंत न गोठणारं भरा. डिझेल गाडी असेल तर टाकी अर्धी झाल्यावर पायथ्याच्या गावात भरून घ्या, कारण डोंगराजवळच्या पंपांवर कडक थंडीतही न गोठणारं डिझेल मिळतं. बॅटरी जुनी असेल तर निघण्यापूर्वी तपासा. छतावर पेटी लावणार असाल तर गाडीची एकूण उंची मोजा. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या रेल्वेगाडीत १.८५ मीटरच्या वर वेगळा डबा लागतो आणि बुकिंग करताना उंची सांगावी लागते.

वाट

फोकस्टनहून बोगद्याच्या गाडीने ३५ मिनिटांत कॅले, डोव्हरहून बोटीने दीड तास. बोट सहसा स्वस्त, आणि मुलांना पाय मोकळे करता येतात. कॅलेपासून मोदान सुमारे साडेनऊशे किलोमीटर: ए-२६ ने रीम्स आणि त्र्वा, पुढे ए-५ आणि ए-३१ ने दिजों, मग ए-३९ ने बुर-आं-ब्रेस. तिथून ए-४२ धरून लियोंच्या बाहेरूनच ए-४३२ ने ए-४३ ला लागा आणि शाँबेरीवरून मोरियेनच्या दरीत शिरा. लियों शहरात शिरू नका.

एका दमात हा प्रवास करणारे लोक आहेत. मुलं मागे असताना मी तो सल्ला देणार नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघा, संध्याकाळी खाडी ओलांडा, आणि रीम्सजवळ मुक्काम करा, कॅलेपासून ते साधारण २७० किलोमीटर आहे. घड्याळ एक तास पुढे जातं हे विसरू नका. मोटरवेच्या बाहेर पडल्या पडल्या साध्या साखळी-हॉटेलांत चौघांची खोली मिळते. शनिवारी सकाळी साडेसहाला निघालात तर दुपारी तीन-चारपर्यंत गावात. घराची किल्ली तशीही चार-पाचशिवाय मिळत नाही. निघण्याआधी ‘बिझों फ्युते’ या सरकारी रहदारी सेवेवर त्या दिवसाचा रंग बघा. हिरवा चांगला, काळा असेल तर वेळच बदला.

मोटरवेवर कोरड्यात १३०, पावसात ११० ची मर्यादा. कॅमेऱ्यांची सूचना देणारी उपकरणं फ्रान्समध्ये बेकायदा आहेत, तेव्हा सॅटनॅवमधलं ते सेटिंग बंद करा. उजव्या हाताच्या स्टिअरिंगवाल्याला टोलनाक्यावर तिकीट घेणं गैरसोयीचं होतं. डाव्या सीटवरच्या माणसाने कार्ड हातात ठेवावं, किंवा टोलचा टॅग आधी मागवून घ्यावा. मोटरवेवर ठिकठिकाणी स्वच्छतागृह आणि बाकांची विश्रांतीस्थळं असतात, डबा तिथेच खा. पेट्रोल मात्र मोटरवेवर महाग. मुक्कामाच्या गावातल्या सुपरमार्केटच्या पंपावर टाकी भरली की परत फारशी गरज पडत नाही. मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी एसओएस फोनवरून किंवा ११२ वरून अधिकृत टोइंग मागवायचं आणि नंतर पैसे परत मागायचे. सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं.

मोदानपासून ओस्वा सात-आठ किलोमीटरचा चढ. वरंधा किंवा आंबेनळीतून गाडी काढलेल्याला वळणांची भीती वाटू नये, फरक फक्त पकडीचा आहे. हलका ॲक्सिलरेटर, खालचा गिअर, उतरताना ब्रेकऐवजी इंजिनवर वेग धरायचा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये.

कुकर, मेतकूट आणि लोणी

बाहेर रोज एकदा जेवलं तर चौघांचं बजेट तिसऱ्या दिवशी कोलमडतं. म्हणून स्वयंपाक घरीच, आणि इथे मराठी घराला मोठी सोय आहे, आपलं कोरडं सामान कुठेही चालतं. नियम मात्र माहीत हवा: इंग्लंडातून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड, चिकनचा डबा घरीच राहू द्या. ताज्या भाज्या आणि पाल्यालाही अटी आहेत, तेव्हा ताजा कढीपत्ता नको, वाळवलेला घ्या. तांदूळ, तूर-मूग डाळ, पोहे, रवा, कणीक, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मसाले, लोणचं, चकल्या, भाकरवडी हे सगळं बिनधास्त न्या.

तुपाचं काय? फ्रान्समध्ये लोणी उत्तम मिळतं. ‘दू’ लिहिलेलं, म्हणजे बिनमिठाचं, पाव किलो घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी कढवा. पंधरा मिनिटांत आठवड्याचं तूप तयार, आणि त्या अनोळखी घराला आपल्या घराचा वास.

कुकर विसरू नका. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांना उकळतं, २३०० मीटरवर ९२ ला. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला फार वेळ लागतो. कुकर स्टीलचा न्या, कारण बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. पोळपाट-लाटणं आणि तवा हवे असतील तर तवाही लोखंडी घ्या. दूध, दही, अंडी, बटाटे, भाजी वर चढण्याआधी सें-जाँ-द-मोरियेन किंवा मोदानच्या सुपरमार्केटमधून घ्या. गावातल्या दुकानात तेच बरंच महाग, आणि रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद.

दुपारसाठी उतारांच्या पायथ्याशी ‘साल ओर-साक’ असतं का ते विचारा. आपला डबा घेऊन बसायची ही खोली बऱ्याच फ्रेंच गावांत फुकट असते. ओले हातमोजे बाजूला टाकून तिथे गरम चहाबरोबर खाल्लेलं थालीपीठ उतारावरच्या रेस्तराँतल्या महागड्या चिप्सपेक्षा कितीतरी पटींनी पोट भरतं.

कपडे, बूट, ऊन

जाकीट-विजार विकत घ्यायची तर आल्डी-लिडलमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात ती, किंवा मुलांसाठी सेकंडहँड. मुलं दर वर्षी वाढतात, नव्याचा हट्ट नको. अंगालगत सुती बनियन अजिबात नको. ते घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसलं की अंग गारठतं. सिंथेटिक किंवा लोकरीचा आतला थर, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ जाकीट. पैसे खर्च करायचे तर हातमोज्यांवर करा, आणि मुलांना दोन जोड घ्या.

स्की, काठ्या, बूट, हेल्मेट गावात भाड्याने. दुकानाच्या वेबसाइटवरून आधी बुक केलं तर बरीच सूट मिळते. बूट घालून बघताना घाई करू नका. पातळ, लांब मोज्यांचा एकच जोड. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की मागे सरकावीत. टाच वर उचलली जाऊ नये. ‘थोडा मोठा घेऊ, मोकळं वाटेल’ हा विचार इथे उलटतो, सैल बुटात पाय वळतो आणि स्की वळत नाही. मुलाला बुटात नडगी दुखते असं दुसऱ्या दिवशी वाटलं तर दुकानात जा, बूट बदलून देतात.

आपल्याला काय ऊन लागतंय, असं म्हणू नका. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. एसपीएफ ५० चं क्रीम कानांना, नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा. गॉगलशिवाय मुलांना उतारावर पाठवू नका.

उतारावरचे पहिले दिवस

मुलांना शाळेत घाला. आईबाबांनी स्वतः शिकवण्यात आठवडा आणि नाती दोन्ही पणाला लागतात. ईएसएफ या फ्रेंच स्की शाळेत तीन ते पाच वर्षांच्यांसाठी ‘पिऊ-पिऊ’, पुढे ‘उर्सों’, ‘फ्लोकों’ आणि मग तारे अशा पायऱ्या असतात. सकाळचे गटवर्ग पुरेसे, दुपारी मुलं थकलेली असतात. ज्या गटाचा शिक्षक इंग्रजी बोलतो तो आधीच मागून घ्या.

मोठ्यांनीही पहिले दोन दिवस सकाळी गटवर्ग घ्यावा, आणि तोवर पूर्ण पास घेऊ नये. शिकाऊ भागाचा पास पुरतो, तिसऱ्या दिवशी पाय स्थिरावले तर वरचा घ्या. पाच वर्षांखालच्यांना पास बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, वयाचा पुरावा खिशात ठेवा. बटन लिफ्टवर, म्हणजे पायांमध्ये धरायच्या चकतीवर, कधीही बसायचं नाही. गुडघे सैल ठेवून उभं राहायचं आणि तिने आपल्याला ओढू द्यायचं. बसलात की दोरी सैल पडते आणि आपण खाली.

हिरवे उतार सर्वांत सोपे, मग निळे, लाल, काळे. नियमांतला एक मुलांकडून पाठच करून घ्या: खालच्या माणसाचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने वाट शोधायची.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पायी जाणाऱ्यांसाठी गोंडोलाचं, म्हणजे बंद डब्यांच्या लिफ्टचं, वेगळं स्वस्त तिकीट असतं. वर कॉफी घेऊन ते गोंडोलानेच खाली येतील. ओस्वाजवळ एस्सेयोंचे किल्ले आहेत, १८१९ ते १८३४ या काळात सार्डिनियाच्या राज्याने बांधलेले, फ्रेंच सैन्याची वाट अडवण्यासाठी दरीच्या कड्यावर उभे केलेले. ज्याला स्की नको त्याची एक दुपार तिथे छान जाते.

विमा

ब्रिटनचं जीएचआयसी हे आरोग्य कार्ड सरकारी उपचारांना उपयोगी, पण उतारावरून स्ट्रेचरवर खाली आणण्याचा खर्च त्यात नाही, तो फ्रान्समध्ये तुमच्याकडून घेतला जातो. प्रवास विम्यात हिवाळी खेळ वेगळे जोडलेले हवेत. नाहीतर पास घेताना ‘कारे नेझ’ हा दिवसाला काही युरोंचा विमा घ्या. इथे काटकसर नको.

बेरीज

दर हंगामागणिक बदलतात, तरी नियोजनासाठी चौघांचे हे अंदाज धरून चाला. लंडनहून जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून २३०० किलोमीटर. शंभर किलोमीटरला सहा लिटर आणि लिटरला पावणेदोन युरो धरले तर इंधन २४० युरो. टोल एका बाजूने ९०, दोन्ही मिळून १८०. बोट २३०. वाटेतले दोन मुक्काम १६०. घर ७००. पास चौघांचे ७०० च्या आसपास, शिकाऊ पासने सुरुवात केली तर कमी. भाड्याचं सामान ३४०. मुलांचे वर्ग ४००, मोठ्यांचे दोन दिवस १५०. किराणा २००. एकूण ३,३०० युरो, व्हिसा आणि विमा सोडून. थ्री व्हॅलीजमध्ये फक्त एका मोठ्या माणसाचा सहा दिवसांचा पासच ४०० युरोंच्या घरात जातो. दोन कुटुंबांनी मिळून मोठं घर घेतलं तर घराचा वाटा आणखी उतरतो आणि एका संध्याकाळी मुलं एकमेकांच्या ताब्यात देता येतात.

परतताना

शनिवारी सकाळी दहाच्या आत घर सोडायचं असतं. शुक्रवारी रात्रीच सामान भरा, फरशी-ओटा पुसा आणि खोल्यांचे फोटो काढून ठेवा, अनामत परत मिळताना वाद नको. रात्री बर्फ पडला असेल तर गाडी मोकळी करायला अर्धा तास धरा. वायपर उचलून ठेवले असतील तर ते काचेला चिकटत नाहीत. एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तिथलं प्रसिद्ध बोफोर चीज तिथेच खाऊन संपवा.

घरी पोचल्यावर गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, रस्त्यावरचं मीठ पत्र्याला खातं. साखळ्याही गोड्या पाण्यात बुचकळून, पूर्ण वाळवून, मगच पिशवीत घाला.